खडूने लिहिलेले गुण

चेतन शर्माचे नाव काढले की पन्नाशी ओलांडलेल्या क्रिकेटवेड्याला आधी शारजाच आठवते. १८ एप्रिल १९८६, शेवटचा चेंडू, जिंकायला चार धावा आणि जावेद मियांदादचा षटकार. पण बोलणारा वर्धा-नागपूरकडचा असेल तर गोष्ट सहसा तिथे थांबत नाही. कारण दीडच वर्षाने, ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, वर्ध्याहून पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपुरात याच शर्माने न्यूझीलंडच्या केन रुदरफोर्ड, इयन स्मिथ आणि इवन चॅटफील्ड यांचे लागोपाठ त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. हॅटट्रिकच्या मागोमाग गावसकर येतोच. १९७५ साली लॉर्ड्सवर साठ षटके उभे राहून १७४ चेंडूंत नाबाद ३६ करणारा हा माणूस नागपुरात अंगात ताप असताना ८८ चेंडूंत नाबाद १०३ करतो. एकशे सातवा एकदिवसीय सामना, पहिले शतक आणि शेवटचेही, कारण मुंबईच्या उपांत्य सामन्यात चार धावांवर त्याचा त्रिफळा उडाला आणि कारकीर्दच संपली. ऐकणारा अजून जागा असेल तर दर्दी माणूस पुढे सांगतो की ३१ ऑक्टोबर ही सी. के. नायडूंची जन्मतारीख, आणि नायडू जन्मले नागपुरातच, १८९५ साली.

या माहितीचा उपयोग काय, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पुरणपोळीचाही उपयोग कुणी विचारत नाही. विचारण्यासारखा प्रश्न दुसराच आहे: ही माहिती टिकली कशी? चाहत्याचे प्रेम म्हणून टिकली, असे आपण समजतो. मला ते उत्तर अपुरे वाटते. नायडूंनी डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध १५३ धावा केल्या, त्यात अकरा षटकार होते. तो डाव डोळ्यांनी पाहिलेला माणूस आज कुठून मिळायचा? तरी अकरा हा आकडा दहा झालेला नाही की पंधरा झालेला नाही. मांडवात बसलेल्या कुणा धावलेखकाने पेन्सिलीने तो वहीत उतरवला, वर्तमानपत्राने छापला, पुस्तकाने उचलला, आणि चाहत्याने पाठ केला. चाहता आठवण जपतो हे खरे, पण जपायला आधी कुणीतरी ती लिहून हातात ठेवावी लागते.

याचा पडताळा वर्धा जिल्ह्यातच घेता येतो. इथल्या गावांतले कबड्डीचे रात्रीचे सामने घ्या. चुन्याच्या रेषा, हॅलोजनचा उजेड, लाउडस्पीकरवर एकाच दमात सांगितली जाणारी देणगीदारांची नावे, आणि एका बाजूला शाळेतून उचलून आणलेला फळा. त्यावर खडूने गुण लिहिले जातात. सामना संपतो, कुणीतरी फडक्याने फळा पुसतो आणि पुढच्या दोन मंडळांची नावे लिहितो. बक्षीस कुणाला मिळाले ते सकाळपर्यंत पंचक्रोशीला कळते, पण कोणत्या पोराने शेवटच्या चढाईत किती गडी टिपले ते फडक्याबरोबर जाते. कुस्तीच्या दंगलीचे तर उलटच. तिचे पत्रक आधी छापतात: जोडी कोणाची, इनाम किती, अध्यक्ष कोण. निकाल त्यात येणार कसा? देवळीचे रामदास तडस हे विदर्भ केसरीचा मान मिळवलेले मल्ल, पुढे २०१४ आणि २०१९ साली वर्ध्याचे खासदार झाले. त्यांची दोन्ही निवडणुकांतली मते एकेका मतापर्यंत कुणालाही पाहता येतात. त्यांच्या कुस्त्या मात्र ज्यांनी पाहिल्या त्यांच्यापाशीच आहेत. एकाच माणसाचे एक आयुष्य नोंदीत आणि दुसरे बोलण्यात, हा भेद प्रेमाचा नाही. मतमोजणीला कारकून असतो, आखाड्याला नसतो. (गंमत म्हणजे शंकरपटाला तो असतो. पटात जोडीची वेळ घड्याळावर सेकंदांत मोजून पुकारली जाते, म्हणून पटाच्या शौकिनाला बैलांची नावे वेळेसकट सांगता येतात. या बाबतीत बैलांचे नशीब गावच्या कबड्डीपटूंपेक्षा बरे.)

यावर कुणी म्हणेल, जे खरोखर मोठे ते नोंदीवाचूनही उरते, लहान तेवढेच गळते. ऐकायला हे बरे वाटते. पण खाशाबा जाधवांचे काय झाले? २३ जुलै १९५२, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. याहून मोठे काय असायचे? परतल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे १९८४ साली ते अपघातात गेले तेव्हा अर्जुन पुरस्कारही त्यांच्या नावावर नव्हता. तो मरणोत्तर मिळाला, तोही दीड दशक उलटून. देशभरच्या बोलण्यात खाशाबा परतले ते १९९६ साली लिअँडर पेसने पदक मिळवल्यावर, कारण मग 'याआधी कोण?' असा प्रश्न आला. २०२४ साली स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्य घेतले तेव्हा बहात्तर वर्षांचा हिशेब मांडून महाराष्ट्राने त्यांना पुन्हा आठवले. मोठेपण होतेच, पण त्याला हाक मारायला दर वेळी एक तक्ता लागला. तो तक्ता ऑलिंपिककडे होता म्हणून बरे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: चाहत्यांच्या आठवणी खोट्याही असतात, मग त्यांचे एवढे कौतुक कशाला? असतात, हे मान्य. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचे उदाहरण घ्या. हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला ८-१ हरवले, तारीख १५ ऑगस्ट. त्यानंतर हिटलरने ध्यानचंदांना सैन्यातल्या मोठ्या हुद्द्याचे आमिष दाखवले आणि त्यांनी ते नाकारले, ही गोष्ट लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या काळातला भक्कम पुरावा तिला नाही. त्याच बर्लिनमध्ये वर्धा नदीपलीकडच्या अमरावतीहून, १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक गेले होते आणि त्याने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुरावा आहे ते फारसे कुणी सांगत नाही, नाही ते सगळे सांगतात. म्हणजे आक्षेप बरोबरच ठरला? अर्धाच. हिटलरची गोष्ट शंकास्पद आहे हे आपण म्हणू शकतो ते बर्लिनची कागदपत्रे आहेत म्हणूनच. जिथे कागदच नाही तिथे आठवण खरी की रचलेली, हे विचारायचीही सोय उरत नाही. गावच्या पैलवानाने एका दिवसात सात कुस्त्या चितपट केल्या असे कुणी सांगितले, तर आपण मान डोलावतो किंवा हसतो. दोन्हींत त्या पैलवानाचा अपमानच आहे.

आकड्यांची ही हाव खेळाचा रस मारते, ही तक्रार मला निम्मी मान्य आहे. कुस्तीत धोबीपछाड कसा बसला हे 'विजयी' या एका शब्दात मावत नाही, आणि गावसकरच्या त्या शतकातली मुंबईकडे डोळा ठेवून चाललेली घाई १०३ या आकड्यात दिसत नाही. उपांत्य सामना मुंबईत खेळायला गटात पहिले यायला हवे होते, आणि त्यासाठी भारताला ४२.२ षटकांत जिंकायला हवे होते. त्यांनी ते ३२.१ षटकांत उरकले. पण बघा, ती घाई सांगायलाही मला आकडाच घ्यावा लागला. रस बोलण्यात असतो, आणि बोलण्याला टेकायला काहीतरी लागते.

राहिला मोबाइल. आता प्रत्येक सामना कुणी ना कुणी टिपतोच, मग वेगळी वही कशाला, असे म्हणतात. अशी एखादी चित्रफीत दहा हातांतून फिरून आपल्यापर्यंत आलेली पाहावी. चढाई झकास असते, पोरगा तिघांना ओढत रेषेवर हात टेकवतो, माणसे ओरडत मैदानात घुसतात. गाव कोणते, वर्ष कोणते, पोरगा कोणाचा, काही नाही. कोपऱ्यात फळा दिसतो, त्यावरचे गुणही वाचता येतात. संघांची नावे तेवढी कुणाच्या तरी खांद्याआड गेलेली असतात.