वाघ, इन्सुलिन आणि पाचवं कारण



आजचं चिंतन गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकावर. श्लोक पाठ असेल तर मनात म्हणा, नसेल तर पुस्तक उघडा. थोडक्यात अर्थ असा: कुठलंही काम घडतं त्यामागे पाच कारणं असतात. अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे खटपटी, आणि पाचवं दैव. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर. मी आज तो शब्द जरा सैल घेणार आहे, 'ज्या जमिनीवर काम घडतं ती जमीन' असा. विद्वानांनी माफ करावं.

हा श्लोक आजच डोक्यात घोळायचं कारण अगदी घरगुती आहे. डिसेंबरात आठवडाभर विदर्भात जायचं ठरलंय. मी, बायको, आठ वर्षांची लेक आणि आई. पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर, दोन दिवस शहर. मग दोन दिवस वर्ध्याच्या बाजूला, सेवाग्राम आणि पवनार. मग अमरावती-परतवाड्यावरून मेळघाटात तीन दिवस, आणि बडनेऱ्याहून परत. शहर, खेडं, जंगल, सगळं एकाच आठवड्यात. बायको म्हणाली, "तीन ट्रिपा एकात कोंबतोयस." खरं आहे. सुट्ट्या तेवढ्याच आहेत.

तर सवयीप्रमाणे मी एक्सेल शीट केली. तासांचे रकाने, बफर, प्लॅन बी. ती घरच्या ग्रुपवर टाकली आणि मामांचा फोन आला. मामा माळकरी, आजवर पंचवीसेक वाऱ्या झालेल्या. म्हणाले, "अरे, रोज गीतेवर लिहितोस आणि पाणी पिण्याच्यासुद्धा वेळा लिहून काढतोस? मग देवाला काय काम ठेवलंस?"

मामा चेष्टा करत होते, पण प्रश्न खरा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो छळतो. विश्वास असेल तर एवढं नियोजन कशाला? आणि एवढं नियोजन करतोय म्हणजे विश्वास कमी आहे का?

मामांना मी त्यांच्याच वारीचं उत्तर दिलं. माउलींची पालखी आळंदीहून निघते तेव्हा पंढरपूरपर्यंतचा एकेक मुक्काम ठरलेला असतो. दिंड्यांना क्रमांक असतात, रथाच्या पुढे कोण आणि मागे कोण हे पक्कं असतं. स्वयंपाकाचा ट्रक आणि पाण्याचा टँकर पुढे निघून गेलेला असतो, म्हणून दुपारी पंगत बसते. आजच्या पालखी सोहळ्याला ही शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते असं सांगतात, आणि सोहळ्याची मांडणी बघून ते पटतं. वारकरी देहभान विसरून नाचू शकतो, कारण दिंडीच्या चालकाने दोन महिने आधी तांदळाचा हिशोब केलेला असतो. मामा हसले. म्हणाले, "ते खरं. पण तो हिशोब करणारा विठ्ठलाला बिल पाठवत नाही."

या वाक्यावर मी आठवडाभर अडकलो.

आधी सोपा भाग. आईला मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन. सेमाडोहला मोबाईलची रेंज भरवशाची नाही आणि तालुक्याचं गाव घाटाच्या पलीकडे. म्हणजे इन्सुलिन दोन वेगळ्या पिशव्यांत, गरम होणार नाही आणि गोठणारही नाही असं. साखर मोजायचं यंत्र, जादा पट्ट्या, खिशात ग्लुकोज. जेवणाची वेळ हुकवायची नाही, सफारी लांबली तरी. आमच्या भाषेत हा सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर आहे, त्याला बॅकअप पाहिजेच. आई म्हणते, "अरे, एवढं काय, पांडुरंग आहे ना." आहेच की. पण मी ही तयारी केली नाही, तर तिचं ओझं पांडुरंगावर पडणार नाही. ते पडेल रात्री अकरा वाजता उठवल्या गेलेल्या वनरक्षकावर, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका डॉक्टरवर.

आणि मेळघाटात डॉक्टरवर ओझं टाकणं म्हणजे काय ते समजून घ्या. कुपोषणाने दगावणाऱ्या बाळांच्या बातम्यांत हे नाव आपण लहानपणापासून ऐकतोय. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी अख्खं आयुष्य घातलं, २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जिथे आरोग्यसेवा उभी करायला माणसांची आयुष्यं खर्ची पडली, तिथे मी तीन दिवस हवापालटाला जाऊन, 'देवावर सोडलंय' म्हणत, रांगेत सगळ्यात पुढे घुसायचं? 'देवावर सोडलं' हे वाक्य आपण म्हणतो तेव्हा नव्वद टक्के वेळा ते कुणातरी माणसावर सोडलेलं असतं. त्या माणसाला विचारलेलंही नसतं.

गीतेचा क्रम मला इथे महत्त्वाचा वाटतो. दैव पाचवं आहे, पहिलं नाही. आधीच्या चारांचा हिशोब झाल्यावर जे उरतं ते दैव. आधीचे चार रकाने रिकामे ठेवून पाचव्यात सगळं ढकलणं याला मी श्रद्धा म्हणणार नाही.

इथपर्यंत माझी बाजू बळकट. आता मामांच्या बिलाकडे येतो, कारण तिथे माझी बाजू तेवढी बळकट नाही.

माझ्या शीटमध्ये पाचव्या आणि सहाव्या दिवसापुढे लिहिलंय, 'सफारी'. लेकीने त्याच्यापुढे वाघाचं चित्र चिकटवलंय. आता बघा, जिप्सीचं बुकिंग केलं, पैसे भरले, पहाटे उठलो, थंडीत कुडकुडलो. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा, चारही पूर्ण. वाघ? मेळघाट हा १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. पण हे डोंगरदऱ्यांचं, सागाचं दाट जंगल. ताडोबासारखा इथे वाघ सहज दिसत नाही. मी दुप्पट पैसे भरले म्हणून वाघ दुप्पट दिसणार नाही. कर्मावर अधिकार, फळावर नाही, हे आपण शाळेपासून घोकतो. ते इतक्या उघडपणे तपासायची सोय सफारीइतकी दुसरीकडे कुठे नसेल.

पण माणूस काय करतो? दुसऱ्या एका जंगलात मी बघितलंय. शेजारच्या जिप्सीतले एक गृहस्थ गाइडवर ओरडत होते, "एवढे पैसे घेता आणि वाघ दाखवत नाही?" गाइड बिचारा खाली मान घालून उभा. मग ड्रायव्हरने गाडी अशी काही पळवली की धुळीत समोरचं काही दिसेना. हे बिल पाठवणं. दैवाचा रकाना मी माझा समजलो, तिथे रिकामं दिसलं, मग वसूल करायला समोर सापडला तो गाइड. नियोजन जास्त झालं हा दोष नव्हता. चार रकाने भरले म्हणून पाचव्याची पावती मागणं, दोष तिथे होता.

ही हाव कुठवर जाते याची एक गोष्ट याच सातपुड्यातली आहे. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड. १८७३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, १८८४ नंतर ते कुणाला खात्रीने दिसलंच नाही. मधल्या काळात एक नोंद होती, १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवीला मिळाल्याची. रिचर्ड माइनर्त्झहागन या इंग्रज अधिकाऱ्याची. त्या नोंदीच्या भरवशावर पुढच्या लोकांनी शोध घेतला आणि हात हलवत परत आले. मग पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयातले जुने नमुने बारकाईने तपासले. निघालं असं, की तो नमुना एकोणिसाव्या शतकात जेम्स डेव्हिडसनने खानदेशात गोळा केलेला. माइनर्त्झहागनने तो संग्रहालयातून चोरला, नव्याने शिवला आणि खोटी चिठ्ठी लावून आपला म्हणून खपवला. खोटी नोंद बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या ठिकाणांवर गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटातही सापडला.

दोघांनीही मेहनत केली, हे विसरू नका. चोरी करून, शिवणकाम करून, पक्ष्यांच्या जगाला कित्येक वर्षं फसवायलाही कष्ट लागतात. चेष्टा दोघांच्याही होत्या. फरक पाचव्या रकान्यात आहे. एकाला तो स्वतःच्या हाताने भरायचा होता. दुसरीने चार रकाने जिवापाड भरले आणि जंगलात जाऊन उभी राहिली. त्या दिवशी रानपिंगळा दिसला नसता, तरी तिचं काम खोटं ठरलं नसतं.

आता अधिष्ठानाकडे, जे मी शीटमध्ये सगळ्यात हलकं घेतलं होतं. 'रिमोट' असा टॅग लावला होता. रिमोट कुणापासून? माझ्यापासून. कोरकू माणसाला ते गाव आहे, घर आहे, दूर आहे ते पुणं. आणि ज्याला आपण निर्मनुष्य जंगल म्हणतो, तिथली बोरी, कोहा, कुंड ही गावं वाघासाठी बाहेर हलवली गेली. वाघ वाचायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण माझ्या लेकीला जी शांतता 'अनुभवायला' मिळणार आहे, तिच्यासाठी कुणाचीतरी चूल उठली आहे. माझ्या खर्चाच्या रकान्यात ते धरलेलं नव्हतं, आणि धरायचं म्हटलं तरी कसं धरणार? एवढंच जमेल की तिला हे सांगून न्यायचं. बायकोचं मत, आठ वर्षांच्या मुलीला सुट्टीत हे कशाला. आमचं अजून ठरलेलं नाही.

खेड्याचे दोन दिवस मी मुद्दाम मधे ठेवलेत. नागपूरबद्दल फार सांगत नाही. दीक्षाभूमी, टेकडीचा गणपती आणि तर्री पोहे, एवढं पुरे. पण पवनारची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९३८ साली विनोबांची प्रकृती फार खालावली होती. थंड हवेच्या ठिकाणी जा असा आग्रह झाला, त्यांनी निवडलं ते वर्ध्याजवळचं पवनारचं टेकाड. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनाने सगळ्या कामांचा संन्यास केला. विचार करा, किती कामं असतील डोक्यात! आपण सुट्टीला निघतो आणि लॅपटॉप बरोबर घेतो. त्यांनी पुलावर सगळं ठेवलं, आणि तिथे जाऊन काय केलं, तर रोज थोडं थोडं खणायला लागले. तब्येतीसाठी. खणताना जुन्या मूर्ती निघाल्या, त्यात भरत-रामाच्या भेटीचं शिल्प. त्याआधी सहा वर्षं, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर दर रविवारी बोलताना (साने गुरुजींनी ती प्रवचनं उतरवून घेतली) बाराव्या अध्यायात त्यांनी भरत आणि रामाच्या भेटीचं चित्र कुणीतरी काढावं असं म्हटलं होतं. जवळ राहून सेवा करणारा आणि दूर राहून सेवा करणारा, दोन्ही भक्तच, असं त्यांचं म्हणणं. ते चित्र जमिनीखालून दगडात आलं.

याला योगायोग म्हणा की कृपा, मी वाद घालणार नाही. मला कुतूहल आहे ते कुदळीचं. मूर्ती शोधायला त्यांनी कुदळ हातात घेतली नव्हती. पण घेतली होती, आणि रोज घेत होते.

परवा मामांना परत फोन केला. म्हटलं, "मामा, शीट तशीच ठेवलीय. फक्त दोन बदल केले. वाघाच्या दिवसापुढे 'सफारी' खोडून 'जंगलात सकाळ' लिहिलं. आणि गाइडची बक्षिसी आधीच पाकिटात घालून ठेवलीय. वाघ दिसो न दिसो, तेवढीच द्यायची." मामा म्हणाले, "आणि पोरगी रडली तर?"

रडेल. त्याचा प्लॅन बी माझ्याकडे नाही. आई म्हणाली, "मी बघते तिला, तू तुझी पिशवी सांभाळ."

उद्या श्लोक पंधरावा. चांगलं काम असो की वाईट, कारणं हीच पाच, असं तिथे भगवंत म्हणतात. माइनर्त्झहागनचं प्रकरण डोक्यात ठेवून वाचून या. राम कृष्ण हरी.