ओवाळणी आणि वर्गणी

सहलीहून परतल्यावर माणसापाशी दोन गोष्टी उरतात : चपलांतली वाळू आणि हिशेब. वाळू दोन दिवसांत झटकली जाते. हिशेब मात्र कधी कधी वर्षभर पुरतो. आमच्या घरात तो तसा पुरला. न्याय म्हणजे काय, या प्रश्नाशी माझा आजवर पुस्तकांपुरताच संबंध होता. तो प्रश्न गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी येऊन बसला.

गोष्ट अगदी साधी आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही भावंडे दापोलीजवळच्या मुरूडला तीन रात्री राहिलो. दादा-वहिनी, त्यांचा मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू अशी पाच माणसे, धाकट्याकडची नवराबायको आणि दोन मुले मिळून चार, आम्ही दोघे, आणि ताई एकटी. ताईचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली. मूलबाळ नाही. निवृत्तिवेतनावर तिची एका माणसाची चूल नीटनेटकी चालते. अशी एकूण बारा माणसे. आम्ही समुद्रासमोरचे चार खोल्यांचे घर घेतले होते. भाडे रात्रीला १६,००० रुपये, म्हणजे तीन रात्रींचे ४८,०००.

हिशेबाचे काम परंपरेने माझ्याकडे असते. मी चार घरांत चार समान भाग केले. प्रत्येक घराला १२,०००. भागाकार निःशेष गेला याचा मला आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी पैसे आले ते ताईचे.

पुढे दिवाळीच्या तोंडावर नव्या सहलीचा विषय निघाला, तेव्हा ताई म्हणाली, "तुम्ही जा रे. माझे गुडघे दुखतात." आम्ही सगळ्यांनी हळहळून माना डोलावल्या. रात्री अंथरुणे घालताना पत्नी सहज म्हणाली, "वन्सं गेल्याच आठवड्यात पर्वती चढून आल्या." आणि थोड्या वेळाने, "मुरूडला त्या कुठे झोपत होत्या, आठवते का तुम्हाला?"

आठवले. खोल्या चार आणि जोडपी चार. ताई माजघरात, धाकट्याच्या दोन मुलांच्या शेजारी चटईवर झोपत होती. रात्री मुलांना पाणी देणे, पांघरूण सारखे करणे हे तिनेच केले आणि आम्ही चारही जोडपी दारे लावून सुखाने घोरलो. त्या खोल्यांच्या भाड्यापैकी चौथा हिस्सा तिचा होता.

माणसाला चूक उमगली की ती झाकण्याचा सर्वांत सोपा मार्ग त्याला उदारपणाचा वाटतो. भाऊबीजेला ताईने ओवाळले, तेव्हा मी तबकात नेहमीच्या पाचशेऐवजी ५,००० रुपयांचे पाकीट ठेवले. ताईने ते उघडले, पाचशेची एक नोट काढून घेतली आणि बाकीचे पाकीट माझ्या हातात दिले.

"ही ओवाळणी झाली. हे जास्तीचे कशाचे?"

मी चाचरत म्हणालो, "ताई, यंदा तू सहलीला येच. तुझ्या पैशांचे आम्ही बघतो."

"फुकट यायचे असते, तर गुडघे कशाला दुखले असते?" ती म्हणाली. मग निरांजनातली वात सारखी करीत, "मला पाहुणी म्हणून बोलावू नकोस. वाटेकरी म्हणून बोलाव. घर ठरवताना मला कुणी विचारले होते का? फोनवर चित्रे आली, त्याखाली तू लिहिलेस, 'हेच नक्की.' नंतर आकडा आला."

ती रागावून बोलली असती, तर मला बरे वाटले असते. ती चकलीचा घाणा बिघडल्याचे सांगावे तशा आवाजात बोलली.

घरी आल्यावर मी माझ्या भागाकाराचे समर्थन शोधू लागलो. एक आधार तर फार जुना होता. याज्ञवल्क्य स्मृतीत, आणि तिच्यावर कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य दरबारातील विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरेत, नातवंडांच्या वाटणीचा नियम आहे : वाटे डोकी मोजून पाडू नयेत, बाप मोजून पाडावेत. एका भावाला एक मुलगा आणि दुसऱ्याला तीन असतील, तर आजोबांच्या मिळकतीचा अर्धा भाग त्या एकट्याचा आणि उरलेल्या अर्ध्यात ते तिघे. मी तरी वेगळे काय केले होते? डोकी न मोजता घरे मोजली होती.

पण थोडा विचार करताच तो आधार निसटला. स्मृतिकार मिळकत वाटत होते. मी खर्च वाटत होतो. मिळकतीच्या वाटणीत जो नियम एकट्याला तारतो, तोच खर्चाच्या वाटणीत त्याला बुडवतो.

मग माणशी वाटावे काय? तसे केले तर माणशी ४,००० येतात. ताईला ४,०००, आम्हाला ८,०००, धाकट्याला १६,००० आणि दादाला २०,०००. आईच्या कुशीत झोपणारा दादाचा नातूही येथे पुरा एक माणूस ठरतो. पुढच्या वर्षी वहिनींचे गुडघे दुखू लागले असते. खोलीमागे १२,००० धरावेत तर दादाच्या दोन खोल्यांचे २४,००० होतात आणि ताईकडे काहीच येत नाही. म्हणजे पुन्हा ती पाहुणी झाली. ऐपतीप्रमाणे द्यावे, हे ऐकायला सर्वांत गोड. पण ते करायचे तर चौघांनी आपापल्या मिळकतीचे कागद समोर मांडायला हवेत. भावंडे एकमेकांना दुखणी सांगतात, पगार सांगत नाहीत. प्रत्येक नियम तत्त्वतः निर्दोष, आणि प्रत्येक नियम घरातल्या कुणा एकाला दाराबाहेर उभा करणारा.

वाट दाखवली ती धाकट्याच्या थोरल्या मुलीने. ती अर्थशास्त्र शिकते. तिने मला विमानतळाच्या धावपट्टीचे उदाहरण सांगितले. लहान विमानाला आखूड धावपट्टी पुरते, मोठ्याला लांब लागते. मग लांब धावपट्टीचा खर्च कसा वाटावा? लॉइड शॅप्ली या गणितज्ञाने १९५३ साली अशा सामाईक वाटण्यांचा एक सामान्य नियम मांडला होता. पुढे २०१२ साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७३ साली लिटलचाइल्ड आणि ओवेन या दोघांनी दाखवून दिले, की धावपट्टीच्या बाबतीत त्या नियमाचा अर्थ अगदी सोपा होतो. पहिला तुकडा सर्वांना लागतो, त्याचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा. पुढचा तुकडा ज्यांना लागतो, त्याचा खर्च त्यांनीच आपसांत वाटावा. मोठे विमान यायचे आहे म्हणून लहान विमानाने लांबीचे पैसे देऊ नयेत.

मला एकदम मुरूडचे दुसरे घर आठवले. आतल्या बाजूला, सुपारीच्या वाडीतले. रात्रीचे ८,०००. बारा माणसे तेथेही मावली असती. पण तेथून समुद्र दिसत नव्हता आणि वातानुकूलन नव्हते, म्हणून आम्ही तिघा भावांनी ते बाजूला सारले. म्हणजे पहिला तुकडा तीन रात्रींचे २४,०००. बारा माणसांत माणशी २,०००. उरलेले २४,००० आमच्या हौसेचे. ती हौस तीन घरांची, म्हणून घरामागे ८,०००. असे मांडले, की ताईचे होतात २,०००, दादाचे १८,०००, धाकट्याचे १६,००० आणि माझे?

माझे पुन्हा बारा हजारच. तो आकडा पाहून मला लाज वाटली. माझ्या चुकीत माझा एक पैशाचाही लाभ नव्हता. लोभ असता तर निदान काही कारण तरी सांगता आले असते. मी केवळ विचार केला नव्हता. घरातले अन्याय बहुधा दुष्टपणातून होत नाहीत. सोप्या भागाकारातून होतात.

धाकट्याने मात्र एक रास्त शंका काढली. "समुद्र ताईनेही पाहिलाच की! रोज संध्याकाळी ओटीवर तीच तर बसलेली असे." खरे आहे, आणि त्या वेळी तिचा चेहरा आमच्यापैकी कुणाहीपेक्षा प्रसन्न असे. पण न मागता मिळालेल्या सुखाबद्दल माणसाने आनंद मानावा. त्याचे बिल त्याच्या हाती देण्याचा अधिकार दुसऱ्याला कसा मिळतो? शेजाऱ्याच्या रातराणीचा वास मीही घेतो. त्याने महिन्याअखेरी खताचे पैसे मागितले, तर मी देणार नाही. बाग लावतानाच त्याने विचारले असते, "काय, निम्मे देता का?" तर गोष्ट निराळी.

विचारणे! या सगळ्या गणितात खरा कळीचा आकडा ताईचा होता : तिला किती पुरते? आणि तो तिला विचारल्यावाचून कुणालाच कळणार नव्हता. तोही घर ठरण्याआधी; कारण घर ठरल्यावर उरतो तो केवळ भागाकार. ज्याला खर्च सर्वांत जड जातो, तो सहसा बोलत नाही. तो मुकाट्याने पैसे भरतो आणि पुढच्या वर्षी आजारी पडतो. म्हणून पहिला प्रश्न त्याच्याकडे जायला हवा; आणि तो दया म्हणून जाता कामा नये. जो देणार आहे, त्याचा ठरवण्यात वाटा असलाच पाहिजे, म्हणून तो जायला हवा.

मी तो हिशेब दोघा भावांना दाखवला. दादाने ६,००० काढले, धाकट्याने कुरकुरत ४,०००. ते दहा हजार घेऊन मी ताईकडे गेलो, तेव्हा पाकीट पुन्हा परत येणार अशी मला धास्ती होती. तिने आधी हिशेबाचा कागद मागितला. चष्मा लावला. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने सगळ्या बेरजा स्वतः करून पाहिल्या. मग नोटा दोनदा मोजल्या आणि कपाटात ठेवल्या.

"बरोबर आहे," ती म्हणाली. ओवाळणीतले साडेचार हजार परत करणारी ताई दहा हजार मात्र मोजून घेते, यात मला आता काही नवल वाटत नाही. ते दान होते. हे येणे होते.

यंदा नाताळच्या सुट्टीत पुन्हा कोकणात जायचे आहे. घरांची यादी मी सर्वांत आधी ताईकडे पाठवली. सर्वांत स्वस्त घर ती निवडील असा माझा कयास होता. तिने मधले निवडले. तेथून समुद्र दिसत नाही, पण रात्री ऐकू येतो म्हणे. आणि माजघरात यंदा कुणी झोपायचे, तेही तिने कळवले आहे. यादीत पहिले नाव माझे आहे.