गरोदरपणातली साखर आणि चरबीचे संदेश

1824 साली बर्लिनमध्ये हाइनरिश बेनेविट्झ या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात एका गरोदर स्त्रीची हकिकत मांडली. तिची तहान काही केल्या भागत नव्हती, लघवीतून साखर जात होती. बाळंतपण झाले आणि साखर नाहीशी झाली. बाळ मात्र बारा पौंडांचे होते आणि ते वाचले नाही. मधुमेह हे या गरोदरपणाचेच लक्षण असावे, असा निष्कर्ष बेनेविट्झने काढला. त्याने जे पाहिले ते अचूक पाहिले होते, पण तसे का घडते हे सांगायला त्याच्या काळात इन्सुलिन हा शब्दही नव्हता.

विसाव्या शतकात संशय वारेवर गेला, आणि तो रास्त होता. गर्भाला ग्लुकोज अखंड मिळत राहावे म्हणून आईच्या शरीरात इन्सुलिनचा जोर उत्तरोत्तर कमी होतो. ही निसर्गाचीच योजना आहे. त्याची भरपाई म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करते. ज्या स्त्रीला ही भरपाई झेपत नाही, तिची साखर वाढते. इन्सुलिनला विरोध करणारी वारेची संप्रेरके सापडली, कॉर्टिसोलचे नाव पुढे आले, आणि पाठ्यपुस्तकांत हेच उत्तर पक्के झाले. 1964 मध्ये बोस्टनच्या ओसलिव्हन आणि महान यांनी गरोदर स्त्रियांच्या रक्तातल्या साखरेच्या मर्यादा ठरवल्या. या सगळ्या मांडणीत चरबीला कोणी विचारतच नव्हते. ती केवळ कोठार होती: सुगीत भरायचे, दुष्काळात उपसायचे.

हे मत उलटायला सुरुवात झाली ती उंदरांपासून. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत अतोनात लठ्ठ उंदरांचे दोन वेगवेगळे वाण निपजले होते. डग्लस कोलमनने निरनिराळ्या उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडल्या, म्हणजे एकाचे रक्त दुसऱ्यात पोचेल. एका वाणाचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला की लठ्ठ उंदराची भूक आटोक्यात येई. दुसऱ्या वाणाचा जोडला की निरोगी उंदीरच खाणे सोडून उपासमारीने मरे. रक्तातून काहीतरी निरोप जातो आहे, असे कोलमन म्हणत राहिला. पहिल्या वाणाला तो निरोप तयार करता येत नाही आणि दुसऱ्याला तो ऐकू येत नाही, हा त्याचा तर्क होता. अनेकांना तो पटला नाही. 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमनच्या गटाने त्या निरोपाचे जनुक शोधले. लेप्टिन नावाचे ते संप्रेरक चरबीच्या पेशीच तयार करतात. कोलमनचा तर्क बरोबर ठरायला दोन दशके लागली, आणि तेही किती साध्या प्रयोगाच्या बळावर!

त्या सुमारास बाकीचे दुवेही भराभर हाती आले. लठ्ठ प्राण्यांची चरबी टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे प्रथिन सोडते आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, हे 1993 मध्ये दिसले. पाठोपाठ अडिपोनेक्टिन सापडले. ते सर्वांत विलक्षण आहे. ते इन्सुलिनला मदत करते आणि चरबीतच तयार होते, पण चरबी वाढली की रक्तातले त्याचे प्रमाण घटते.

आता गरोदरपणाकडे नव्याने पाहणे भाग होते. वारसुद्धा लेप्टिन तयार करते, हे 1997 मध्ये क्योटोच्या संशोधकांनी दाखवले. 2002 मध्ये क्लीव्हलंडच्या संशोधकांनी गरोदरपणाआधीपासून शेवटच्या महिन्यांपर्यंत काही स्त्रियांची तपासणी केली. इन्सुलिनचा जोर कमी होण्याशी सर्वांत जवळचे नाते निघाले ते टीएनएफ-अल्फाचे. वारेच्या जुन्या संशयित संप्रेरकांचे नव्हे. मधुमेह झालेल्या गरोदर स्त्रियांत अडिपोनेक्टिन कमी असते, हेही अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले. काहींत तर ते पहिल्या तिमाहीतच, साखर वाढण्याच्या कितीतरी आधी कमी होते. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, ही शंका घ्यायलाच हवी. पण अडिपोनेक्टिन मुळातच नसलेल्या उंदरांच्या माद्या गाभण राहिल्या की त्यांची साखर बिघडते, हे प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे चरबी या आजारात निव्वळ साक्षीदार नाही, असे म्हणायला आधार आहे.

या विचाराला महत्त्वाचे वळण मिळाले ते पुण्यात. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोंची. पुण्याकडची बाळे स्नायूंत, पोटाच्या घेरात, सगळ्यांत लहान होती; पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच होती. नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त होते आणि वजनाच्या मानाने लेप्टिनही. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3 होता. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के.

म्हणूनच ‘ती तर काटकुळी आहे, तिला कसली साखर’ हे आपल्याकडचे वाक्य धोक्याचे आहे. चरबी किती आहे एवढ्यावर भागत नाही. ती कुठे साठली आहे आणि रक्तात काय सोडते आहे, हे महत्त्वाचे आहे, आणि ते वजनकाट्यावर दिसत नाही. ‘दोन जीवांची आहेस, दोघांचं खा’ असा प्रेमळ आग्रह करणाऱ्या घरांनी हे समजून घ्यायला हवे. आणि साखर वाढली म्हणून त्या बाईलाच बोल लावणाऱ्यांनी तर नक्कीच. तिच्या पेशींचा स्वभाव काही अंशी तिच्या आईच्या पोटातच ठरलेला असू शकतो.

अडिपोनेक्टिन किंवा लेप्टिन मोजून निदान करण्याची वेळ अजून आलेली नाही. ते काम आजही ग्लुकोजची चाचणीच करते. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी रूढ केलेल्या पद्धतीत उपाशी राहावे लागत नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. साखर 140 किंवा त्याहून जास्त आली तर उपचार सुरू करायचे. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार ही चाचणी प्रत्येक गरोदर स्त्रीची, मग ती बारीक असो वा जाड, दोनदा व्हायला हवी: पहिल्या भेटीत आणि 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान. मधुमेह निघाला असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा. ही शेवटची चाचणी बारशाच्या आणि बाळाच्या लसींच्या गडबडीत राहून जाते. घरातल्यांनी ती तारीख लिहून ठेवावी आणि तिला स्वतः घेऊन जावे.