कच्चे नको, एकट्याने नको



आगमनकाळातील चौथी मेणबत्ती आज आपण पेटवली. नाताळ दाराशी आला आहे. घराघरांत करंज्या, कुलकुले आणि केक यांची गडबड सुरू आहे. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात उभे राहिले की सध्या दोनच विषय कानावर पडतात: कोणाकडे कोण येणार आणि जेवायला काय करणार. हे विषय हलके आहेत असे आम्हाला वाटत नाही. प्रभू येशूने आपल्या राज्याविषयी बोलताना वारंवार मेजवानीचे दाखले दिले आणि या जगातून जाण्याच्या आदल्या रात्री आपली आठवण म्हणून एक जेवणच आपल्या हाती ठेवले. म्हणून आज आम्हीही जेवणाविषयीच लिहीत आहोत.

गेल्या नाताळात आपल्या धर्मग्रामातील एका घरी आम्ही दुपारच्या जेवणाला गेलो होतो. त्या घरचा मुलगा आखातातून सुट्टीवर आला होता. तिकडे त्याने नाताळला भाजलेली टर्की पाहिली होती आणि यंदा आईवडिलांना ती खाऊ घालायची, असा त्याचा हट्ट होता. मुंबईहून साडेपाच किलोचा गोठवलेला पक्षी आणला गेला. एक रात्र फ्रिजमध्ये ठेवून सकाळी तो बाहेर काढला. पावाचा चुरा, कांदा, कलेजी, मनुका, मिरी असे सारण करून पक्ष्याचे पोट गच्च भरले, टाके घातले, वरून लोणी लावले आणि तीन तास ओव्हनमध्ये भाजले. टेबलावर आला तेव्हा त्याचा रंग असा सोनेरी होता की मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही प्रार्थना म्हटली. घरधन्याने सुरी चालवली आणि सगळे गप्प झाले. हाडाजवळचे मांस गुलाबी होते. सारण मधोमध गारढोण होते.

ज्यांना यातले कळते ते सांगतात की एवढा पक्षी फ्रिजमध्ये नीट सुटायला दोन ते तीन दिवस लागतात. वरचा बर्फ आधी उतरतो, पोटातला सर्वांत शेवटी. सारण दाबून भरले तर त्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचतच नाही. म्हणून ते सैलसर भरायचे असते आणि नुसत्या मांसाचे नव्हे, तर सारणाच्या मध्याचेही तापमान ७४ अंश सेल्सियसपर्यंत गेले आहे की नाही, हे पाहायचे असते. वरच्या रंगावर विश्वास ठेवला की फसगत होते. अर्थात, हे ज्ञान आम्हाला नंतर मिळाले. त्या क्षणी बारा माणसे भुकेली बसली होती आणि घरातील बाई पदराने डोळे पुसत होत्या.

आता या घराच्या भिंतीपलीकडे थोरल्या भावाचे घर आहे. रस्त्यासाठी जमीन गेली, मोबदला आला आणि वाटणीवरून दोन भावांचे बोलणे बंद झाले. त्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. दोन्ही घरे रविवारी मिस्सेला येत, पण वेगवेगळ्या बाजूच्या बाकांवर बसत. ख्रिस्तप्रसाद घ्यायलाही एकामागून एक येऊ नये, याची काळजी घेत. रडण्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला असावा. मागच्या दाराने थोरली जाऊ आत आली. तिने टेबलाकडे पाहिले, कोणालाही काही विचारले नाही आणि धाकटीला म्हणाली, “अगं, रडतेस काय? आण तो पक्षी इकडे. तुकडे करू, सारण वेगळे काढू, रस्सा होईल तासाभरात. माझ्या भाकऱ्या झाल्यात, त्या आणते.” आणि तिने चुलीवर मोठा टोप चढवला.

ते जेवण दुपारी साडेतीनला झाले. टर्कीचा आपल्या आगरी मसाल्यातला रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या. आपल्या बायकोला शोधत थोरला भाऊ दारापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला. धाकटा उठला. बोलला काही नाही, फक्त स्वतःची खुर्ची ओढून त्याच्यापुढे केली. जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. तो अजूनही पुरता सुटलेला नाही. पण आता ते दोघे एका ठिकाणी बसून तो बोलतात. दोन्ही घरांच्या संमतीने आम्ही हे लिहीत आहोत. कोणी ओळखलेच, तर कृपया त्याची चर्चा करू नये.

येथे आम्हाला स्वतःविषयी एक कबुली द्यायची आहे. ती चारही वर्षे नाताळच्या दिवशी आम्ही धाकट्या भावाच्याच घरी जेवलो. आमंत्रण त्यांचे असे. थोरल्याच्या अंगणावरून जाताना हात वर करून शुभेच्छा देत असू आणि पुढे जात असू. कुटुंबाच्या भांडणात धर्मगुरूने पडू नये, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती. खरे कारण भीती हे होते. बोललो तर एक बाजू दुखावेल, एक कुटुंब चर्चला येणे बंद करील, असे वाटत होते. भेट वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, हे प्रभूचे सांगणे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. त्यावर आम्ही दर वर्षी प्रवचन देतो. जे काम आमच्या प्रवचनांनी झाले नाही, ते एका बाईने भाकरीच्या टोपलीने केले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला अ‍ॅरिस्टॉटलची चार कारणे शिकवली होती. कोणत्याही वस्तूविषयी चार प्रश्न विचारायचे: ती कशाची बनली, तिला आकार कोणता, ती कोणी बनवली आणि कशासाठी बनवली. संत थॉमस अक्वायनस यांनी हीच वाट पुढे चालवली आणि चौथ्या प्रश्नाला सर्वांत मोठे मानले, कारण हेतू ठरल्याशिवाय बाकीचे काही हलतच नाही. आपल्या सणाच्या स्वयंपाकात पहिल्या तीन प्रश्नांची आपण खूप काळजी घेतो. पक्षी कोणता, मसाला कोणता, दिसेल कसा, करणार कोण. चौथा प्रश्न मात्र राहून जातो: हे कोणासाठी? तो प्रश्न राहिला की टेबल कितीही भरले तरी त्याच्या मध्यावर काहीतरी गार राहते.

आता बायबलकडे वळू. निर्गमच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाच्या रात्रीचे नियम दिले आहेत. इस्राएल लोक गुलामीतून सुटणार होते आणि त्या रात्री प्रत्येक घराने कोकरू भाजून खायचे होते. त्या नियमांत दोन गोष्टी आहेत, ज्या आम्ही अनेकदा वाचल्या, पण गेल्या नाताळनंतरच आम्हाला नीट दिसल्या. पहिली अशी की मांस कच्चे खायचे नाही, ते आगीवर पूर्ण भाजलेले असावे. दुसरी अशी की एखादे घर लहान असेल आणि एवढे कोकरू त्याला जास्त होत असेल, तर त्याने लगतच्या शेजाऱ्याला सोबत घ्यावे आणि माणसे मोजून वाटून खावे. कच्चे नको आणि एकट्याने नको. परमेश्वराने लहान घराला लहान कोकरू शोधायला सांगितले नाही. त्याने शेजारचे दार ठोठवायला सांगितले. सुटकेची पहिली रात्र अशी शेजाऱ्यासोबत जेवून सुरू झाली. त्याच कोकराच्या जागी पुढे ख्रिस्त आला आणि तो कोणा एका घराला पुरून उरणारा आहे, म्हणूनच आपण सर्व एका वेदीभोवती जमतो.

या टर्की पक्ष्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. तो मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील लोकांनी त्याला माणसाळवले. युरोपात पोहोचल्यावर इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, पोर्तुगीजांनी पेरू देशाचे. यांपैकी एकाही देशातला तो नाही! हिंदुस्थानात तो गोव्याच्या बंदरातून आला. १६१२ साली मुकर्रब खान याने गोव्यातून आणलेला असा पक्षी बादशहा जहांगीरला भेट दिला. तो पाहून जहांगीर इतका चकित झाला की त्याने त्याचे वर्णन आपल्या आठवणींत लिहिले आणि दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून त्याचे चित्र काढून घेतले. एक परका जीव दारात आला, तर बादशहाने त्याच्याकडे डोळे भरून पाहिले.

आपण आपल्याकडे आलेल्या परक्या माणसांकडे असे पाहतो का? वडखळ हा नाका आहे. येथून एक वाट अलिबागला जाते, एक गोव्याकडे. डोलवीचा पोलाद कारखाना येथून जवळ आहे. कामासाठी दूरदूरची माणसे येतात. त्यांतील काही आपल्याच श्रद्धेची असतात आणि रविवारी मागच्या बाकावर बसून निघून जातात. आपण त्यांना ‘तो केरळचा’, ‘ते झारखंडचे’ एवढेच ओळखतो. टर्कीसारखेच, नाव देशाचे आणि माणूस अनोळखी. नाताळच्या दिवशी ही माणसे खोलीवर एकटीच जेवतात. बेथलेहेमात उतरायला जागा न मिळालेल्या योसेफ आणि मरीयेसाठी आपण गव्हाणी सजवतो. आणि हे दोघेही आपल्या घरापासून दूरच आले होते.

यावर उपाय आपल्या मातीतच आहे. त्यासाठी ओव्हनही लागत नाही. भात कापून झाला की आपल्या शेतांत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. शेंगा भरल्या की थंडीत पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी बांधावरचा भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडे मीठ, ओवा. मध्ये बटाटे, कणगर, अंडी. मसाला लावलेली कोंबडी, कोणी तिच्या पोटात अंडे भरतो, केळीच्या पानात गुंडाळून मधोमध ठेवायची. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, सुकी पाने रचून पेटवायचे. थेंबभर पाणी घालायचे नाही, तेल नाही. शेंगांचा आणि पाल्याचा स्वतःचाच ओलावा वाफ होऊन सगळे शिजवतो. मडक्यावर पाण्याचे चार थेंब टाकले आणि ते चर्रकन उडाले की झाले, असे जाणती माणसे ओळखतात. आगीची ऊब चहूबाजूंनी लागते, म्हणून मधला घासही कच्चा राहत नाही. आणि आजवर आम्ही एकट्या माणसाने लावलेली पोपटी पाहिलेली नाही. ती लावायलाच पाच-सहा जण लागतात आणि वास सुटला की आणखी दहा येतात.

योहानच्या शुभवर्तमानात पेत्राच्या आयुष्यात कोळशाची शेकोटी दोनदा येते. पहिल्या शेकोटीजवळ हात शेकताना त्याने आपल्या गुरूला नाकारले. दुसरी शेकोटी पुनरुत्थित प्रभूने समुद्रकिनारी स्वतः पेटवली होती. तिच्यावर मासळी भाजत होती. प्रभूने शिष्यांना आधी खायला बोलावले आणि मग पेत्राला त्याच्या प्रेमाविषयी विचारले. आधी हिशेब आणि मग जेवण, असा क्रम त्याने लावला नाही. ज्यांच्या घरी अबोला आहे त्यांनी या क्रमाचा विचार करावा. वाद मिटल्यावर बोलावू, असे म्हणत बसलो तर आयुष्य सरते. आधी बोलवा. जेवताना वादाचा विषय काढू नका. तो नंतरही आहेच.

म्हणून या नाताळासाठी आमच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली: नाताळच्या दुपारी आपल्या टेबलावर एक ताट जास्त मांडा आणि ते कोणासाठी हे आजच ठरवा. मागच्या बाकावरचा एखादा कामगार, एकटी राहणारी आजी, पलीकडच्या घरातला भाऊ. परत बोलावू न शकणाऱ्यांना बोलवा, असे प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितलेच आहे.

दुसरी: प्रकटीकरणाच्या रविवारी, म्हणजे तीन ज्ञानी पुरुषांच्या सणाच्या दिवशी, संध्याकाळच्या मिस्सेनंतर चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत आपण पोपटी लावू. ज्याला जमेल त्याने शेंगा, बटाटे, अंडी आणावीत. ज्याला जमणार नाही त्याने रिकाम्या हाताने, पण नक्की यावे. गावातील शेजाऱ्यांनाही बोलवा. मांसाहार न करणाऱ्यांसाठी नुसत्या शेंगांचे मडके वेगळे असेल. तरुणांनी आगीजवळ पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवाव्यात आणि लहान मुलांवर लक्ष ठेवावे.

तिसरी विनंती आमची स्वतःलाच आहे. यंदा नाताळच्या दिवशी आम्ही कोणाच्याही घरी जेवायचे आमंत्रण घेणार नाही. सकाळच्या मिस्सेनंतर ज्या घरांशी आमचा या वर्षी संबंध तुटला किंवा पातळ झाला, त्या घरी आम्ही चालत येऊ. घोटभर चहा द्यावा. दार बंद असेल तर पुन्हा येऊ.

गव्हाणीत जन्मलेला बाळ येशू आपल्या घरांतील गारठलेल्या जागांपर्यंत आपल्या प्रेमाची ऊब पोहोचवो. मरीया माता आणि संत योसेफ आपल्या कुटुंबांसाठी विनंती करोत. आपणा सर्वांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.

आपले धर्मगुरू