हबीबी : एका लाडक्या शब्दाचे ऋण

अरबी भाषेतला एकच शब्द ज्याला ठाऊक आहे, त्याला बहुधा ‘हबीबी’ हाच शब्द ठाऊक असतो. ‘हबीब’ म्हणजे प्रिय, लाडका. आणि शेवटचा ‘ई’ म्हणजे ‘माझा’. स्त्रीला उद्देशून हाच शब्द ‘हबीबती’ होतो. आई लेकराला जोजवताना तो उच्चारते, पती पत्नीला त्याच शब्दाने साद घालतो, मित्र मित्राच्या खांद्यावर हात टाकून तोच शब्द वापरतो; आणि बैरुत-कैरोच्या बाजारातला फळविक्या कधी न पाहिलेल्या गिऱ्हाइकालाही ‘हबीबी’ म्हणूनच बोलावतो. एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला असे संबोधण्यात अरबांना काही वावगे वाटत नाही. वादाला तोंड फुटण्याच्या बेतात असतानाही हा शब्द येतो. तेव्हा त्यात लाडापेक्षा इशारा अधिक असतो.

आखाती देशांत नोकरीनिमित्त राहून आलेल्या आपल्या माणसांच्या बोलण्यात हा शब्द सहज डोकावतो. अलीकडे तर ‘हबीबी, कम टू दुबई’ हे वाक्य मोबाइल फोनच्या पडद्यावरून शाळकरी मुलांच्याही तोंडी बसले आहे. ज्या शब्दाने आई बाळाला निजवते, त्याच शब्दाने बाजार गिऱ्हाइकाला हाक मारतो. येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. खोटे बोलू नये असे आठवी आज्ञा आपल्याला शिकवते. मग ज्याच्यावर आपले प्रेम नाही, ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, त्याला ‘माझ्या लाडक्या’ म्हणणे हे असत्य भाषण नव्हे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु दिवसभरात आपण जे प्रेमाचे शब्द सहज उच्चारतो, त्यांचे आपण काही देणे लागतो की नाही, याचा हिशेब ख्रिस्ती अंतःकरणाने कधीतरी मांडावा, असे आम्हांस वाटते.

या शब्दाचे कूळ पाहिले, तर तो आपल्याला वाटतो तितका परका नाही. प्रभू येशू ज्या अरमाईक भाषेत बोलत असे, तिचीच एक शाखा म्हणजे सुरियानी भाषा. केरळातील संत थॉमस ख्रिस्ती परंपरेने ती आपल्या उपासनेत शतकानुशतके जपली. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा स्वर्गातून पित्याची वाणी झाली, असे शुभवर्तमान सांगते. प्राचीन सुरियानी बायबलमध्ये पित्याच्या त्या उद्गारात पुत्रासाठी ‘हबीबा’ हा शब्द आहे. रूपांतराच्या डोंगरावरही तोच आहे. अरबी बायबलमध्ये त्याच जागी ‘हबीब’ येतो. चौथ्या शतकाच्या आरंभी एडेसा नगरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील उर्फा येथे, अग्नीत देह अर्पण केलेल्या हुतात्म्याचे नावही हबीबच होते. म्हणजे इस्लामचा उदय होण्यापूर्वी कितीतरी आधीपासून हा शब्द ख्रिस्ती वेदीपाशी वावरत होता. पुढे इस्लामनेही त्याला मानाचे स्थान दिले. प्रेषित महंमदांना मुसलमान ‘हबीबुल्ला’, म्हणजे अल्लाचा प्रिय, म्हणतात.

आजही लेबनॉन व सिरियातील अरबीभाषक ख्रिस्ती बांधव गुड फ्रायडेच्या उपासनेत ‘वा हबीबी’ हे विलापगीत गातात. क्रुसावरील आपल्या पुत्राला पाहून मरियामाता शोक करीत आहे, अशी त्यामागची कल्पना. लेबनॉनची विख्यात ख्रिस्ती गायिका फैरूझ हिच्या स्वरांतून ते जगभर पोहोचले आहे. बाजारातल्या गोंगाटात झिजलेला तोच शब्द कालवारीच्या टेकडीवर मातेच्या ओठी आला, की ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. वापराने शब्द झिजतो हे खरे; पण तो मरत नाही, हे येथे ध्यानी येते.

हा शब्द अरबस्तानाच्या सीमेत राहिला नाही. संत पौलाचे गलबत जेथे फुटले त्या माल्टा बेटावरची भाषा अरबी कुळातलीच आहे. तेथील कॅथलिक लोक मित्राला ‘हबीब’ म्हणतात. इस्राएलमधील बोलीभाषेतील हिब्रूनेही ‘हबीबी’ उचलला आहे; पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यात रक्त सांडले, ते दोन समाज लाडाचा हा एक शब्द वाटून घेतात. फारसी-उर्दूच्या वाटेने याच धातूचे ‘मोहब्बत’ व ‘मेहबूब’ हे शब्द आपल्या दारी आले. वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेस जाणाऱ्या भाविकांना हिल रोडवरचा मेहबूब स्टुडिओ परिचित आहे. चित्रपट दिग्दर्शक मेहबूब खान यांनी 1954 साली उभारलेल्या त्या वास्तूच्या नावात ‘प्रिय’ हाच अर्थ आहे.

अरबीत याच तीन व्यंजनांचा आणखी एक शब्द आहे : ‘हब्बा’, म्हणजे धान्याचा दाणा, बी. अकराव्या शतकातील सूफी लेखक हुज्वीरी यांची कबर लाहोरला आहे. त्यांनी आपल्या ‘कश्फुल महजूब’ या ग्रंथात प्रेमाच्या शब्दाचा संबंध वाळवंटात पडून राहिलेल्या बीजाशी जोडला आहे. बी मातीत दडते, ऊन-पाऊस सोसते आणि वेळ आली की उगवते. प्रेमाचेही तसेच, असा त्यांचा भाव. भाषाशास्त्राच्या कसोटीला ही व्युत्पत्ती कितपत उतरते, हा पंडितांचा विषय. पण मातीत पडून मेल्याशिवाय गव्हाचा दाणा पीक देत नाही, हे प्रभूच्या तोंडून ऐकलेल्या आपल्याला त्यातील सत्य परके वाटू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अपरिचिताला लाडाने संबोधणे हे ढोंग आहे काय? हा आक्षेप नवा नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिया’ या ग्रंथात नेमका हाच आक्षेप विचारात घेतला आहे. परक्यांना मैत्रीची चिन्हे दाखविणारा मनुष्य, जे अंतरी नाही ते बाहेर दाखवितो. मग हा दांभिकपणा नव्हे का, असे आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे. संत थॉमस उत्तर देतात ते असे : प्रत्येक मनुष्य निसर्गतःच प्रत्येक मनुष्याचा मित्र आहे; एक सर्वसाधारण प्रेम मानवजातीला बांधून ठेवते. त्यामुळे परक्याशी शब्दाने वा कृतीने स्नेहाने वागणारा खोटे वागत नाही. जिवलग मित्राला द्यावयाची संपूर्ण मैत्री आपण त्याला देत आहोत, असा त्याचा दावाच नसतो.

एवढ्यावर ते थांबत नाहीत. माणसांनी परस्परांशी गोडीने राहावे हे ऋण आहे, असे सांगून ते सौजन्याला न्यायाच्या परिवारात बसवितात. आम्हांला हा विचार फार मोलाचा वाटतो. गोड बोलणे ही आपली मेहेरबानी नव्हे. समोरच्या माणसाचे ते आपण देणे लागतो. आणि ज्या गोडीमागे केवळ स्वार्थ वा खूश करण्याची हाव असते तिला संत थॉमस निराळे नाव देतात : खुशामत. तिची गणना ते पापात करतात.

तेव्हा फळविक्याचा ‘हबीबी’ हा खोटा शब्द नव्हे. त्या शब्दात एक कबुली आहे : तू परका असलास, तरी सर्वस्वी परका नाहीस. परंतु त्या शब्दाच्या शेवटी असलेला तो छोटासा ‘ई’ विसरता कामा नये. ‘प्रिय’ म्हणणे सोपे. ‘माझा प्रिय’ म्हणणे जोखमीचे. जे माझे त्याचा भार माझा. मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय, असा उलट सवाल काइनाने देवाला केला, तेव्हा तो हा ‘माझा’च नाकारत होता. म्हणून प्रेमाचा शब्द ही एक प्रकारची हुंडी आहे, असे आम्ही मानतो. ती लिहिल्याने कोणी लबाड ठरत नाही. वटविण्याची वेळ आल्यावर जो तोंड फिरवितो, तो लबाड.

याचे एक कटू उदाहरण आखातातच सापडते. परदेशी कामगाराचा तेथील मुक्काम एखाद्या स्थानिक मालकाच्या जामिनाशी बांधण्याची पद्धत तेथे दीर्घकाळ चालत आली. तिला ‘कफाला’ म्हणतात आणि त्या मालकाला ‘कफील’. हाही मुळात किती सुंदर शब्द! त्याचा अर्थ जामीन राहणारा, सांभाळ करणारा. कुराणात जखऱ्याने बालपणीच्या मरियेचा सांभाळ केला असे सांगताना याच धातूचे क्रियापद आले आहे. परंतु व्यवहारात या पद्धतीमुळे कित्येक मजुरांची पारपत्रे मालकाच्या कपाटात अडकली, पगार महिनोन्‌महिने थकले, नोकरी बदलणे मालकाच्या मर्जीवर राहिले. अलीकडच्या वर्षांत काही देशांनी हे नियम सैल केले. कतारने 2020 साली नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट काढून टाकली. कामगारांना मायेने वागविणारे मालकही तेथे आहेत, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. पण ज्याचे पारपत्र आपण कुलपात ठेवले आहे, त्याला ‘हबीबी’ म्हणणे, हे मात्र सौजन्य नव्हे. अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी आक्रोश करते, असे संत याकोब आपल्या पत्रात बजावतो. त्या आक्रोशापुढे गोड संबोधन टिकत नाही.

अरबांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आपल्या मराठीत नात्याचे शब्द परक्यांना लावण्याची किती गोड रीत आहे! कंडक्टरला आपण दादा म्हणतो, भाजीवालीला ताई, शेजारच्या वृद्धाला काका. घरी धुणीभांडी करावयास येणाऱ्या बाईला आपण मावशी म्हणतो. मावशी म्हणजे आईची बहीण. आईच्या मागे आईची जागा घेणारी. पण त्याच मावशीचा चहाचा कप कित्येक घरांत वेगळा ठेवलेला असतो, खिडकीत वा मोरीपाशी. ती आजारी पडून चार दिवस आली नाही, तर पगारातून चार दिवस कापले जातात. ‘भैया’ या शब्दाचे तर आपण याहून वाईट केले. उत्तरेकडच्या माणसाच्या भाषेत त्याचा अर्थ भाऊ. आपल्या शहरांत आपण त्याची शिवी केली. भावाला हाक मारण्याचा शब्द ज्या समाजात हेटाळणीचा होतो, त्या समाजाने आपल्या जिभेपेक्षा आपल्या हृदयाची तपासणी करावी.

प्रेमाची खूण विकली जाऊ शकते, हे गेथशेमनीच्या बागेत जगाने पाहिले. यहुदाने चुंबन हीच ओळखीची खूण ठरविली. त्याच क्षणी येशूने त्याला ‘मित्रा’ म्हटले, असे मत्तय लिहितो. दोघांनीही स्नेहाचीच भाषा वापरली. फरक होता तो हुंडीचा. एकाने चुंबनाची किंमत तीस रुपये आधीच घेतली होती. दुसरा आपल्या शब्दाची किंमत दुसऱ्या दिवशी क्रुसावर स्वतःच्या रक्ताने चुकविणार होता.

हे वाचून कोणी म्हणेल, मग असे शब्द न वापरलेलेच बरे. ना शब्द, ना ऋण. आपल्याकडे अशी माणसे कमी नाहीत. विशेषतः आपल्या जुन्या पिढीतील वडीलमंडळी लेकरांसाठी रक्त आटवीत, पण ‘माझ्या राजा’ हे दोन शब्द त्यांच्या ओठांतून कधी फुटत नसत. प्रेम काय बोलून दाखवायचे असते, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या कष्टांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. तरीही त्यांचे म्हणणे आम्हांला पटत नाही, आणि त्याचे कारण यार्देन नदीच्या तीरावरच आहे. पित्याने पुत्राला ‘प्रिय’ म्हटले ते केव्हा? येशूने तोवर एकही प्रवचन केले नव्हते, एकही रोगी बरा केला नव्हता, एकही चमत्कार त्याच्या नावावर नव्हता. कार्याला आरंभ होण्यापूर्वीच, लोकांच्या देखत, पित्याने तो शब्द उच्चारला. प्रेमाचा शब्द हा पुढे मिळवायच्या गुणांचे बक्षीस नसतो. ज्याच्या आधाराने मनुष्य पुढचे सारे करू धजतो, ते ते पाथेय असते. लगेच पुढे रानातले चाळीस दिवस होते आणि मोहात पाडणारा सैतानही होता. तेथे जाणाऱ्या पुत्राच्या कानात तो शब्द आधीच पडलेला होता.

आपल्या घरांतील मुले परीक्षेच्या निकालाला, नोकरीच्या मुलाखतीला, परदेशच्या विमानाला सामोरी जातात, तेव्हा त्यांच्या कानांत कोणता शब्द असतो? गुण मिळाल्यावरचे ‘शाब्बास’ सर्वच देतात. गुणांआधीचे ‘माझ्या लाडक्या’ फक्त घरच देऊ शकते. ते जर घरी मिळाले नाही, तर मूल ते बाजारात शोधील. आणि बाजार त्याला मोठ्या प्रेमाने, ‘हबीबी’ म्हणूनच, बोलावील.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, शब्दात कंजुषी नको आणि व्यवहारात बुडवेगिरी नको. मावशी म्हणावे, आणि घरातल्याच कपातून चहा द्यावा. दादा म्हणावे, आणि ठरलेली मजुरी ठरल्या दिवशी हातावर ठेवावी. लेकराला राजा म्हणावे, आणि तो नापास होऊन घरी आला त्या दिवशीही तेच म्हणावे. दर रविवारी वेदीवरून आम्ही धर्मगुरू ‘प्रिय बंधुभगिनींनो’ अशी सुरुवात करतो. त्या ‘प्रिय’ शब्दाचे ऋण आम्हांवरही आहे, आणि प्रवचन संपले म्हणून ते फिटत नाही.