रिकामे जाळे



संत लूककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. शिमोन पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर राबले, पण हाती काहीच लागले नाही. पुढे प्रभूच्या शब्दावरून त्यांनी पुन्हा जाळी टाकली आणि ती फाटू लागतील इतकी मासळी मिळाली. हा प्रसंग ऐकताना आपले मन नेहमी त्या भरलेल्या जाळ्याकडे धावते. आज आपण त्याआधीच्या रिकाम्या जाळ्यापाशी थोडे थांबू या.

गालीलचे सरोवर सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद आहे. ते समुद्रसपाटीपेक्षा २०० मीटरहून अधिक खाली आहे आणि त्याच्या भोवती डोंगर आहेत. डोंगरांवरून वारा एकाएकी खाली उतरतो आणि शांत पाणी बघता बघता खवळते. त्या काळी जाळी जवसाच्या सुताची असत. दिवसा ती माशांना दिसत, म्हणून रात्री मासेमारी चाले. सकाळी जाळी धुऊन वाळवावी लागत, नाहीतर ती कुजत. १९८६ साली दुष्काळामुळे या सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा गाळात एक जुनी होडी सापडली. ती साधारण प्रभू येशूच्या काळातील असून सुमारे ८ मीटर लांब आहे. तिच्यात जवळजवळ १२ प्रकारची लाकडे आढळली. जिथे फुटेल तिथे मिळेल त्या लाकडाचा तुकडा बसवून ती वापरात ठेवली होती. पेत्राच्या सोबतीचे लोक असेच हातावर पोट असणारे होते. त्यांच्यासाठी मासळीविना गेलेली रात्र म्हणजे घरात चुलीचा प्रश्न होता.

आपल्या किनाऱ्याला हे नवे नाही. २०१९ साली ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ अशी दोन चक्रीवादळे अरबी समुद्रात उठली. ऐन हंगामात होड्या बंदरात लागून राहिल्या आणि त्याच पावसात शेतकऱ्यांचे कापणीला आलेले भात भिजले. डिझेल, बर्फ आणि शिधा भरून निघालेली होडी हवामानाचा इशारा आल्यावर अर्ध्या वाटेतून माघारी फिरते, तेव्हा मासळी मिळत नाही, पण झालेला खर्च काही परत येत नाही. वलांडीवरच्या बोंबलांवर अवकाळी पावसाची एक सर आली की सगळी मेहनत वाया जाते. खाडीच्या कडेला गळ टाकून जिताड्याची वाट पाहणाराही कधी दिवसभर भिजून रिकाम्या हाताने घरी येतो. जे दर्यावर जात नाहीत, त्यांच्याही वाट्याला असे दिवस येतात. कुणाची नोकरी जाते, तर कुणाचे लग्न ठरता ठरता मोडते.

घरभेटीला गेल्यावर अशा वेळी आम्हांला एकच प्रश्न विचारला जातो, “फादर, आमचे काय चुकले?” कुणी म्हणतो नजर लागली, कुणी म्हणतो करणी झाली, तर कुणी म्हणतो देवच कोपला. मग त्या दिवसाचा राग कधी बायकोमुलांवर निघतो, कधी बाटलीत बुडवला जातो.

बंधू-भगिनींनो, शुभवर्तमानात काय घडते ते नीट पाहा. रिकाम्या जाळ्याबद्दल प्रभू पेत्राला एका शब्दानेही दोष देत नाही. आपण पापी आहोत, असे पेत्र म्हणतो खरा, पण केव्हा? जाळे भरल्यानंतर. देवाची कृपा पाहून त्याला आपले पाप आठवले. रिकामे जाळे ही पापाची शिक्षा आहे, असे तिथे कुणीच म्हटलेले नाही. मग आपण तरी का म्हणावे?

दुसरी गोष्ट, प्रभू आला तेव्हा ते जाळी धूत होते. जाळ्यात मासा नव्हता, तरी त्यांनी ती फेकून दिली नव्हती. उद्या पुन्हा जायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ. मन खचलेले असताना केलेली सायंप्रार्थना, मुलांना प्रेमाने वाढलेले जेवण, वेळेवर फेडलेला कर्जाचा लहानसा हप्ता, हे आपले जाळी धुणेच आहे. आणि प्रभूने लोकांना शिकवण्यासाठी तीच रिकामी होडी मागून घेतली. मासळीने भरलेल्या होडीत त्याला बसायला जागा तरी कुठे मिळाली असती?

इथे एक सावधगिरी हवी. खोल पाण्यात जाण्याची प्रभूची आज्ञा म्हणजे वादळाचा इशारा धुडकावणे नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला प्रभूनेही नकार दिला होता, कारण देवाची परीक्षा पाहायची नसते. वेळीच होडी वळवणारा तांडेल भित्रा नव्हे. खलाशांचे जीव त्याच्या हाती असतात आणि त्यांची घरे त्याला दुवा देतात.

शेवटी, जाळे भरले तेव्हा पेत्राने दुसऱ्या होडीतील सोबत्यांना खुणेने बोलावले आणि दोन्ही होड्या भरल्या. आज ज्याचे जाळे भरले आहे, त्याने या आठवड्यात आपल्या आळीत एकदा नजर फिरवावी. कुणाची होडी रिकामी आली आहे? त्याने हात पसरण्याची वाट न पाहता आपणच त्याला हाक मारू या.

हे प्रभो, वाऱ्यापावसात गेलेल्या आमच्या दिवसांत तू आम्हांला दोष देत नाहीस, आमच्याजवळ येऊन बसतोस. दर्यावर असलेल्या सर्वांना सुखरूप घरी आण. आमच्या रिकाम्या होडीत ये आणि उद्या पुन्हा जाळे टाकण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.