तह, करार आणि सहीचा अधिकार

मराठीत युद्ध थांबवणाऱ्या कागदाला 'तह' म्हणतात, देवघेव ठरवणाऱ्या कागदाला 'करार', आणि दोन्ही बाजू थकल्यावर जे उरते त्याला 'समझोता'. तह दोन सत्तांमध्ये होतो. सार्वभौम राज्य आपल्याच नागरिकांशी तह करीत नाही, कारण तसे करणे म्हणजे समोरच्याला सत्ता मानणे होय. म्हणूनच घराच्या आत झालेल्या युद्धाचा शेवट लिहिताना भाषेची पंचाईत होते. ३० जून १९८६ रोजी नवी दिल्लीत मिझोरामविषयीच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या तेव्हाही हीच पंचाईत होती. एका बाजूला भारत सरकारचे गृहसचिव, दुसऱ्या बाजूला वीस वर्षे भूमिगत लढा चालवणाऱ्या मिझो नॅशनल फ्रंटचे नेते लालडेंगा, आणि त्यांच्यासोबत मिझोरामचे मुख्य सचिव. व्यवहारात तो तह होता. कागदावर तो समझोता होता. या दोहोंतील अंतरात जो नैतिक प्रश्न दडलेला आहे त्याचा विचार राज्यशास्त्राने पुष्कळ केला, साहित्याने फारसा केला नाही.

गृहसचिव राम प्रधान हे मराठी अधिकारी. तो त्यांच्या सरकारी सेवेचा अखेरचा दिवस. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे खासगी सचिव म्हणून त्यांनी पूर्वी काम केलेले होते. ५ मार्च १९६६ रोजी ऐझॉलवर भारतीय हवाई दलाच्या विमानांनी मारा केला तेव्हा संरक्षण खाते चव्हाणांकडेच होते. पुढे १९६७ पासून डोंगरातली पाचशेहून अधिक गावे उठवून रस्त्यालगतच्या लष्करी पहाऱ्यातील वसाहतींत कोंबण्यात आली. घरे जाळली गेली, झूम शेती मोडली. त्या वेळी चव्हाण गृहमंत्री होते. ही साखळी कोणाला आरोपी ठरवण्यासाठी सांगितलेली नाही. मिझो टेकड्या हा आपल्यापासून फार दूरचा विषय आहे, ही मराठी वाचकाची समजूत मात्र तिच्यामुळे टिकत नाही. संयुक्त महाराष्ट्राचा मंगलकलश आणणारा नेता आणि त्या टेकड्यांतील उठवलेली गावे एकाच राज्यसंस्थेच्या इतिहासात आहेत.

संघर्षाचे मूळ दुष्काळात होते. बांबू फुलला की उंदीर बेसुमार वाढतात आणि पिके फस्त करतात, हा मिझोंचा पिढीजात अनुभव. त्याला ते 'माउताम' म्हणतात. १९५९ च्या माउतामच्या वेळी शासनाची मदत अपुरी पडली. लोकांना धान्य पोचवण्यासाठी स्थापन झालेली संघटना १९६१ मध्ये राजकीय पक्ष झाली आणि १९६६ च्या फेब्रुवारीअखेर तिने शस्त्र उचलून स्वातंत्र्य घोषित केले. सहाव्या अनुसूचीतील जिल्हा परिषद त्या प्रदेशात १९५२ पासून होती. तरीही स्वायत्ततेची रचना आणि स्वायत्ततेचा अनुभव या दोन गोष्टी भिन्न ठरल्या. भुकेच्या काळात ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याला आपल्या परिषदेची इमारत दाखवून समाधान देता येत नाही.

महाभारतातील उद्योगपर्वाची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. कृष्णशिष्टाईतील मागणी शेवटी पाच गावांवर येऊन ठेपली होती, आणि सुईच्या अग्रावर मावेल एवढीही भूमी न देण्याच्या हट्टातून युद्ध उभे राहिले. शिष्टाई युद्धाआधीची, शांतिपर्व युद्धानंतरचे. मिझोरामच्या बाबतीत क्रम उलटला: युद्ध आधी झाले आणि शिष्टाई वीस वर्षे चालली. १९७२ मध्ये केंद्रशासित प्रदेश मिळाला, १९७६ मध्ये दिल्लीत एक समझोता झाला आणि मोडला, १९७९ मध्ये लालडेंगांना दिल्लीतच अटक झाली. पुढे ते लंडनला गेले. ऑक्टोबर १९८४ मध्ये ते परतले. ३१ तारखेला इंदिरा गांधींशी त्यांची भेट ठरलेली होती आणि त्याच सकाळी त्यांची हत्या झाली.

त्यानंतरच्या दिवसांत दिल्लीत जे घडले त्याकडे या संदर्भात पाहिले जात नाही, पाहायला हवे. अधिकृत आकड्यानुसार दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले. दूरच्या टेकड्यांना शांततेच्या अटी सांगणारी राजधानी स्वतःच्या वस्त्यांत नागरिकांचे रक्षण करू शकली नव्हती. वाटाघाटीच्या मेजावर एक बाजू कायद्याची आणि दुसरी हिंसेची, अशी जी सोयीची मांडणी असते ती नोव्हेंबर १९८४ नंतर दिल्लीला तरी शोभणारी नव्हती. पुढच्या दोन वर्षांत पंजाब, आसाम आणि मिझोराम असे तीन समझोते झाले, याचे श्रेय राजकीय इच्छेला जितके आहे तितकेच कदाचित या ओशाळलेपणालाही असावे. पंजाबचा समझोता २४ जुलै १९८५ चा. त्यावर सही करणारे संत लोंगोवाल महिन्याच्या आत, २० ऑगस्टला, मारले गेले. सहीचा अधिकार आपल्याला होता हे त्यांना प्राण देऊनही सिद्ध करता आले नाही.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. ज्याने शस्त्र उचलले त्याच्याशी बोलणे म्हणजे शस्त्राला बक्षीस देणे नव्हे काय? आक्षेप पोकळ नाही. १९७५ च्या जानेवारीत ऐझॉलमध्ये तीन वरिष्ठ पोलीस अधिकारी बंडखोरांच्या गोळ्यांना बळी पडले होते. त्यांच्या घरच्यांनी १९८६ चे वृत्त कसे वाचले असेल? आणि ज्यांनी मतपेटीचा मार्ग सोडला नाही त्यांचे काय? समझोत्याच्या वेळी मुख्यमंत्री लालथनहवला होते. लालडेंगांसाठी ते पायउतार झाले आणि त्यांच्याच हाताखाली उपमुख्यमंत्री झाले. न्यायाच्या कोणत्याही तराजूत हे बसत नाही: सनदशीर मार्गाने मिळवलेले पद बंडखोराला देण्यात आले. तरीही या प्रकरणातील सर्वांत मोठी नैतिक कृती कोणती असे विचारले, तर सहीपेक्षा या त्यागाकडे बोट दाखवावे लागेल. तो पक्षादेशाने घडला हे खरे. पण पक्षादेश झुगारून खुर्ची धरून बसणाऱ्यांची आपल्याकडे वाण कधीच नव्हती.

इस्रायली तत्त्वज्ञ अविशाई मार्गालित यांनी तडजोड आणि सडकी तडजोड असा भेद केला आहे. क्रौर्य आणि मानहानी यांवर उभी असलेली व्यवस्था जी टिकवते ती सडकी. बाकीच्या तडजोडी कडू असल्या तरी शांततेसाठी गिळता येतात. या कसोटीवर मिझोरामचा समझोता उतरतो. त्रेपन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३७१-छ या अनुच्छेदानुसार मिझोंच्या धार्मिक-सामाजिक प्रथा, रूढ कायदा आणि जमिनीची मालकी यांविषयीचा संसदेचा कायदा राज्याच्या विधानसभेच्या संमतीवाचून तेथे लागू होत नाही. हे मानहानीच्या नेमके उलट आहे. (त्याच ३७१ क्रमांकाच्या मूळ अनुच्छेदात विदर्भ-मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळांची तरतूद १९५६ मध्ये आली आणि मंडळे १९९४ मध्ये. शब्द संविधानात गेला म्हणजे तो पाळला गेला, असे मराठी माणसाने तरी मानू नये.)

परंतु समझोत्यात एक मौन आहे. मृतांच्या वारसांना द्यायच्या रकमा, पिकांची व इमारतींची भरपाई यांचा त्यात विचार झाला. ते नुकसान कोणी केले याचा झाला नाही. पैसा देता आला, कबुली देता आली नाही. हवाई हल्ल्याविषयी सरकारने दीर्घकाळ उघडपणे बोलणे टाळले, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला तो अविश्वास ठरावावरील चर्चेत, विरोधी पक्षाला उत्तर देताना. सत्तावन्न वर्षांनी सत्य बोलले गेले. मात्र ते ऐझॉलला उद्देशून नव्हते. असे असूनही शांतता टिकली. १९८८ मध्ये पक्षांतराने लालडेंगांचे सरकार पडले तेव्हा ते पुन्हा जंगलात गेले नाहीत. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. कबुलीवाचून शांतता टिकू शकते, हे मिझोरामने दाखवले. ती कबुली अनावश्यक होती, असे मात्र त्यावरून ठरत नाही.

आणखी एक गोष्ट राहते. मेजावर जे नव्हते त्यांच्या वतीने कोणी सही केली? मिझोराममधील ह्मार लोकांनी लवकरच स्वतंत्र स्वायत्ततेची मागणी केली. १९९४ मध्ये त्यांच्याशी करार करणारे होते मिझोरामचे राज्य सरकार. ब्रू समाजाने स्वायत्त जिल्हा परिषद मागितली, ती नाकारली गेली, आणि १९९७ च्या हिंसाचारानंतर हजारो ब्रू त्रिपुरातील छावण्यांत गेले. काल ज्यांना अल्पसंख्य म्हणून दिल्लीकडून उत्तर हवे होते, ते आता बहुसंख्य म्हणून उत्तर देत होते, आणि उत्तराचे शब्द पुष्कळसे दिल्लीचेच होते. तेवीस वर्षांनी, १६ जानेवारी २०२० रोजी, ब्रू विस्थापितांविषयीचा करारही नवी दिल्लीतच झाला. त्यानुसार त्यांना त्रिपुरातच वसवायचे ठरले. मिझोराममधील त्यांची गावे त्या करारात परत आली नाहीत.